पडद्यासाठीही संमंत्रक हवा : मुक्त विद्यापीठाच्या कुलगुरूंस खुले पत्र

प्रति,
मा. कुलगुरू,
यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, नाशिक



यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ जुलै १९८९ मध्ये राज्य विधिमंडळाच्या कायद्याने स्थापन झाले, तेव्हा त्याच्या पुढचा खरा पेच पुस्तके छापण्याचा नव्हता. ती पुस्तके घरी नेणारा आणि रोज वर्गात न बसणारा विद्यार्थी अडला, तर त्याने विचारायचे कोणाला, हा होता. संस्थापक कुलगुरू डॉ. राम ताकवले आणि त्यांचे सहकारी यांच्या काळात या पेचातून जी रचना उभी राहिली, तिचे दोन आधार आजही टिकून आहेत. पहिला आधार अभ्यासकेंद्राचा, म्हणजे एखाद्या चालू महाविद्यालयाच्या किंवा संस्थेच्या इमारतीत मुक्त विद्यापीठाच्या विद्यार्थ्यांसाठी राखलेल्या जागेचा व वेळेचा. आणि दुसरा संमंत्रकाचा, म्हणजे व्याख्यान झोडण्याऐवजी विद्यार्थ्याने स्वतः वाचून आणलेल्या अडचणी सोडवणाऱ्या शिक्षकाचा. स्वयं-अध्ययन साहित्य कितीही सुबोध लिहिले, तरी ते एकटे पुरत नाही, हे विद्यापीठाने पहिल्याच दिवसापासून मान्य केले होते आणि त्यासाठी माणूस नेमण्याची तरतूद केली होती.

आता साहित्याचा मोठा भाग पडद्यावर गेला आहे. प्रवेशअर्ज, ई-पुस्तके, ध्वनिचित्रित व्याख्याने, गृहपाठ, सराव चाचण्या, परीक्षा अर्ज आणि निकाल ही सर्व कामे ज्या संकेतस्थळावरून किंवा ॲपवरून होतात, त्या एकत्रित व्यवस्थेला या पत्रात ‘अध्ययन मंच’ म्हटले आहे. मंच उभारण्यावर देशभरातील विद्यापीठांनी बराच खर्च केला. मात्र पुस्तकाच्या जोडीला जसा संमंत्रक दिला गेला, तसा मंचाच्या जोडीला कोणी दिला गेला नाही. मंच वापरता येणे ही विद्यार्थ्याची खासगी जबाबदारी आणि न येणे ही त्याची खासगी उणीव, असे जणू गृहीतच धरले गेले. हे गृहीतक चुकीचे आहे आणि ते दुरुस्त करण्यासाठी लागणारी परंपरा, शब्दसंग्रह व यंत्रणा राज्यात सर्वांत आधी मुक्त विद्यापीठाकडे आहे, एवढ्याच कारणाने हे पत्र अन्य कोणत्याही विद्यापीठाला न लिहिता नाशिकला लिहिले जात आहे.

उदाहरणासाठी विंचूर घेता येईल. निफाड तालुक्यातील हे मोठे गाव नाशिक-येवला रस्त्यावर, लासलगावचा फाटा जेथे फुटतो तेथे वसलेले आहे. लासलगाव बाजार समितीचा कांद्याचा उपबाजार येथे आहे आणि राज्याच्या २००१ च्या द्राक्ष प्रक्रिया धोरणानंतर आकाराला आलेले वाइन पार्कही येथेच आहे. गावातील मुले-मुली पदवीसाठी निफाड, लासलगाव, येवला किंवा नाशिक येथे जातात आणि ज्यांना जाता येत नाही, म्हणजे नोकरी करणारे, लग्न होऊन आलेल्या सुना, घरच्या शेतीतून मोकळे न होणारे, ते मुक्त विद्यापीठाकडे वळतात. या विद्यार्थ्याचे वर्ष विद्यापीठाच्या वेळापत्रकावर चालत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये द्राक्षाची गोडी छाटणी, जानेवारीपासून बागेची काढणी, मार्च ते मे उन्हाळ कांद्याची काढणी आणि मध्येच एप्रिलची खरड छाटणी, असा हा क्रम आहे. उन्हाळी परीक्षा आणि गृहपाठाच्या शेवटच्या तारखा नेमक्या त्याच हंगामात येतात. जो विद्यार्थी गावठाणात न राहता मळ्यातल्या वस्तीवर राहतो, त्याच्याकडची थ्री फेज वीज शेतीपंपांच्या पाळीप्रमाणे कधी दिवसा तर कधी रात्री येते, आणि पाळी रात्रीची असली की घरातील कर्ता मुलगा अभ्यासाला नव्हे, पाणी भरायला जागा असतो.

साधनांची स्थितीही लक्षात घ्यावी लागते. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या ७५ व्या फेरीच्या पाहणीत (२०१७-१८) देशाच्या ग्रामीण भागातील केवळ ४.४ टक्के कुटुंबांकडे संगणक होता, तर इंटरनेटची सोय १४.९ टक्के कुटुंबांकडे होती. त्यानंतर स्वस्त डेटा आणि टाळेबंदी या दोन्हींमुळे मोबाइल घरोघरी पोहोचले हे खरे; संगणकाच्या बाबतीत मात्र तसे म्हणता येत नाही. विंचूरसारख्या गावातील विद्यार्थ्याचे विद्यापीठ म्हणजे सहा-साडेसहा इंची पडदा असतो, आणि तोही पुष्कळदा घरातील दोघा-तिघांत वाटलेला. मंच बनवणारे मात्र मोठ्या पडद्यासमोर बसून तो बनवतात, आणि म्हणूनच उजव्या कोपऱ्यातील जो पर्याय त्यांना सहज दिसतो, तो मोबाइलवर तीन आडव्या रेषांमागे दडलेला असतो.

‘आजची पिढी मोबाइलवरच वाढली आहे, तिला काय शिकवायचे?’ हा आक्षेप येथे हमखास घेतला जातो. चित्रफिती पाहण्याचे, पैसे पाठवण्याचे आणि निरोप धाडण्याचे कौशल्य या पिढीकडे आहेच. पण फाइल कोठे साठली हे शोधणे, तिचा प्रकार बदलणे, आकार कमी करणे, विसरलेला पासवर्ड नव्याने मिळवणे आणि सादर केलेले काम खरोखर सादर झाले की नाही हे पडताळणे, ही कौशल्ये त्यातून आपोआप येत नाहीत. शिवाय मुक्त विद्यापीठाचा विद्यार्थी नेहमी विशीतलाच असतो असेही नाही. गळती नेमकी कोठे होते, हेही पाहण्यासारखे आहे. हार्वर्ड आणि एमआयटी या दोन विद्यापीठांनी मिळून जगभरासाठी खुल्या केलेल्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या २०१२ ते २०१८ या काळातील नोंदींचा एक अभ्यास २०१९ च्या आरंभी ‘सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. त्यानुसार नाव नोंदवणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक, म्हणजे ५२ टक्के लोकांनी अभ्यासक्रमाचे पहिले पानदेखील उघडले नव्हते. तेथे नावनोंदणी फुकट आणि एका टिचकीची असल्याने ती तुलना पदवीच्या विद्यार्थ्यांना जशीच्या तशी लागू होत नाही. तरीही गळती शिकवणे सुरू होण्याच्या आधीच, म्हणजे उंबऱ्यावरच होते, एवढे त्यावरून दिसते.

उंबऱ्यावरची पहिली अडचण म्हणजे नाव. राज्य मंडळाच्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग विद्यार्थ्याचे नाव आणि मग वडिलांचे नाव छापलेले असते. आधार कार्डावर बहुधा आधी नाव, मग वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि शेवटी आडनाव असते. शिवाय इंग्रजी स्पेलिंग एकीकडे एक आणि दुसरीकडे दुसरे. माणसाच्या डोळ्यांना ही एकच व्यक्ती दिसते, यंत्राला मात्र दोन दिसतात. जुलै २०२१ मध्ये सुरू झालेल्या ‘अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्स’ या राष्ट्रीय व्यवस्थेत, म्हणजे विद्यार्थ्याने कोणत्याही विद्यापीठात मिळवलेले श्रेयांक एका खात्यात जमा ठेवणाऱ्या पेढीत, बारा अंकी ओळख क्रमांक आधारच्या साहाय्याने काढावा लागतो, आणि त्या क्रमांकाशी विद्यापीठाकडील नाव जुळले नाही तर श्रेयांक खात्यात चढण्याची वाट अडते. लग्नानंतर नाव बदललेल्या विद्यार्थिनीच्या बाबतीत तर बारावीची गुणपत्रिका माहेरच्या नावाची, आधार सासरचे आणि आधारला जोडलेला मोबाइल क्रमांक पतीचा, अशी तिहेरी गाठ पडते; तिला येणारा ओटीपी, म्हणजे एकदाच वापरण्याचा सांकेतिक अंक, कामावर गेलेल्या पतीच्या खिशात वाजतो आणि तो फोनवरून कळवेपर्यंत त्याची मुदत संपलेली असते. या विद्यार्थिनीला विषय अवघड गेला, असे उद्या कोणी म्हणेल तर ते चूक ठरेल; ती विषयापर्यंत पोहोचलेलीच नाही.

दुसरी अडचण सादर करण्याची आहे, आणि ती जवळून पाहण्यासारखी आहे. जगभरातील विद्यापीठांत वापरले जाणारे मूडल हे मुक्त स्रोत सॉफ्टवेअर, म्हणजे ज्याची मूळ संहिता कोणालाही विनामूल्य घेऊन आपल्या गरजेप्रमाणे बदलता येते असे सॉफ्टवेअर, मार्टिन डुगिआमास या ऑस्ट्रेलियन संगणकतज्ज्ञाने तयार केले आणि त्याची पहिली पूर्ण आवृत्ती २००२ मध्ये आली. त्यात गृहपाठ घेणाऱ्या शिक्षकाला अशी एक तजवीज करून ठेवता येते की, विद्यार्थ्याने फाइल चढवून ती जतन केली तरी ती केवळ कच्चा मसुदा म्हणून राहावी आणि ‘सबमिट’चे वेगळे बटण दाबल्यावरच शिक्षकाकडे जावी. हेतू चांगला आहे, विद्यार्थ्याला शेवटपर्यंत दुरुस्तीची मुभा मिळावी हा. पण रात्री साडेअकराला मोबाइलवर वहीची बारा पाने एकेक करून टिपणारा, त्या बारा छायाचित्रांची एक पीडीएफ बनवणारे ॲप शोधणारा, ती पीडीएफ मर्यादेपेक्षा मोठी झाली म्हणून पुन्हा कमी दर्जाची करणारा आणि अखेर ‘सेव्ह’ दाबून सुटकेचा श्वास टाकणारा विद्यार्थी पुढचे बटण पाहतच नाही. पानावर ‘ड्राफ्ट’ असा इंग्रजी शब्द असतो, तो त्याने वाचलेला असतो. त्याचा अर्थ आपले काम अजून पोहोचलेले नाही असा होतो, हे त्याला कोणी सांगितलेले नसते. चाचणीचेही तसेच आहे: शेवटच्या प्रश्नानंतर प्रयत्न संपवण्याचे एक बटण, मग उत्तरांचा गोषवारा, मग सर्व उत्तरे सादर करण्याचे दुसरे बटण आणि वर पुन्हा खात्री विचारणारी चौकट. ज्याने हे एकदा केले त्याला त्यात काहीच वाटत नाही, आणि म्हणूनच नियम करणाऱ्यांना ही अडचण क्षुल्लक वाटते.

‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या मंचावर याच प्रकारची आणखी एक मेख आहे. २०१७ मध्ये सुरू झालेल्या या मंचावरील अभ्यासक्रमांचे श्रेयांक विद्यापीठांनी स्वीकारावेत यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने नियम केले, आणि २०२१ च्या नियमांनुसार एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम अशा मार्गाने पूर्ण करता येतात. येथे अभ्यासक्रमाला नाव नोंदवणे विनामूल्य असते, परंतु परीक्षेसाठी वेगळी नोंदणी, वेगळे शुल्क आणि वेगळी शेवटची तारीख असते. ज्या विद्यार्थ्याने आठवडेच्या आठवडे व्याख्याने ऐकली आणि साप्ताहिक चाचण्याही दिल्या, तो परीक्षेचा अर्ज भरायचा राहिला तर श्रेयांकास मुकतो. त्यातच आयआयटी आणि भारतीय विज्ञान संस्था यांच्या एनपीटीईएल अभ्यासक्रमांत बारा आठवड्यांच्या चाचण्यांपैकी उत्तम आठ धरून २५ गुण आणि केंद्रावरील परीक्षेला ७५ गुण असा हिशेब असून, दोन्हींत स्वतंत्रपणे किमान गुण मिळवावे लागतात. हा हिशेब माहीत नसलेला विद्यार्थी दोन चाचण्या हुकल्या की सगळे संपले असे समजून मध्येच सोडून देतो, वास्तविक त्याला चार चाचण्यांची सवलत असते.

भाषेबद्दल थोडक्यात. अभ्यासाचे साहित्य मराठीत आणि चूक दाखवणारी सूचना इंग्रजीत, ही जोडी मुक्त विद्यापीठाला शोभणारी नाही. ‘सेशन एक्स्पायर्ड’ एवढेच वाचून आपला प्रवेशच रद्द झाला असे समजणारा विद्यार्थी हसण्याचा विषय नव्हे. त्याच्यापुढे ‘बराच वेळ काही हालचाल न झाल्यामुळे मंच बंद झाला आहे, पुन्हा आत या’ असे वाक्य का आले नाही, हे विचारले पाहिजे.

आता या सर्व अडचणींवर विद्यार्थी सध्या काय करतो, ते पाहणे उद्बोधक ठरेल. तो झेरॉक्सच्या दुकानात किंवा महा ई-सेवा केंद्रात जातो. तेथील मनुष्य सात-बारा उतारा, पीक विमा, रेशन कार्ड आणि विद्यापीठाचा अर्ज ही सर्व कामे एकाच खुर्चीवरून करतो, सराईतपणे करतो, आणि थोडे पैसे घेऊन गावाची फार मोठी नड भागवतो. त्याला नावे ठेवण्याचे काही कारण नाही. मात्र तो शिकवत नाही, करून देतो. पासवर्ड तोच ठरवतो, अनेकदा सर्वांना एकसारखाच, आणि आपल्या वहीत टिपून ठेवतो. अर्जावर आपल्याच दुकानाचा ईमेल घालतो. परिणामी विद्यापीठाकडून आलेली सूचना विद्यार्थ्याऐवजी दुकानाच्या टपालपेटीत जाऊन पडते आणि पुढच्या सत्रात विद्यार्थ्याला पुन्हा त्याच काउंटरपाशी उभे राहावे लागते. मदत आणि परावलंबन यांतील सीमा येथे पुसली गेली आहे, आणि ती पुन्हा आखण्याचे काम बाजार करणार नाही, विद्यापीठालाच करावे लागेल.

यासाठी अभ्यासकेंद्राच्या रचनेत ‘मंच-संमंत्रक’ अशा एका पदाची भर घालावी, अशी या पत्राची विनंती आहे. हा मनुष्य संगणक अभियंता असण्याची गरज नाही. मुक्त विद्यापीठाचीच पदवी नुकतीच घेतलेला, गावात राहणारा आणि ज्याच्याकडे येण्यास मुलींना व सुनांना संकोच वाटणार नाही असा असला, आणि म्हणून शक्य तेथे ती स्त्री असली, तर अधिक चांगले. त्याने पाळायचा एक नियम मात्र लेखी असावा: विद्यार्थ्याचा मोबाइल त्याने हातात घ्यायचा नाही. बोट विद्यार्थ्याचेच फिरले पाहिजे, पासवर्ड त्यानेच टाकला पाहिजे आणि शेजारी बसलेल्याने तोंडाने वाट दाखवायची. यात वेळ दुप्पट-तिप्पट लागतो हे उघड आहे, परंतु दुसऱ्या खेपेला तोच विद्यार्थी एकटा जाऊ शकतो. ज्या कामात आधी दुरुस्ती लागते, उदाहरणार्थ नावातील तफावत, त्यासाठी कोणता कागद कोठे बदलावा याचा क्रम मंच-संमंत्रकाकडे छापील असावा आणि विद्यापीठाच्या नाशिक येथील मुख्यालयातील एका नेमक्या कक्षाशी त्याचा थेट संबंध असावा, म्हणजे प्रत्येक विद्यार्थ्याला त्या कक्षाचा शोध स्वतः घ्यावा लागणार नाही.

जागेचा प्रश्न वाटतो तितका कठीण नाही. अभ्यासकेंद्र तालुक्याच्या किंवा मोठ्या गावाच्या महाविद्यालयात असते आणि आठवड्याच्या सुट्टीला चालते. मंचाची अडचण मात्र कोणत्याही संध्याकाळी येते. लासलगावला मुख्य बाजार असताना विंचूरला उपबाजार लागला तो याच न्यायाने, की माल जेथे आहे त्याच्या जवळ काटा असावा. महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय अधिनियम, १९६७ हा राज्यात लागू आहे आणि त्याखाली शासनमान्य ग्रंथालयांची अ, ब, क, ड अशी वर्गवारी असून त्यांना अनुदान मिळते. गावोगावची ही वाचनालये संध्याकाळी उघडी असतात, तेथे टेबल असते, दिवा असतो आणि बसलेल्या माणसाला कोणी उठवत नाही. विद्यापीठाने ग्रंथालय संचालनालयाशी करार करून आठवड्यातून दोन संध्याकाळी मंच-संमंत्रक अशा वाचनालयात बसवला, तर नवी इमारत लागणार नाही. महाराष्ट्राला हा मार्ग अपरिचितही नाही. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र नॉलेज कॉर्पोरेशनने एमएस-सीआयटीचा संगणक साक्षरतेचा अभ्यासक्रम तालुक्या-तालुक्यांत, पुढे मोठ्या खेड्यांतही नेला, तो स्थानिक केंद्रचालकांच्या बळावरच. ज्याने कधी माउस धरला नव्हता, अशा मनुष्याशेजारी कोणीतरी खुर्ची ओढून बसले, म्हणून ते शक्य झाले.

खर्चाचा आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. मंच-संमंत्रकाला मानधन द्यावेच लागेल. विद्यार्थ्यांच्या सद्भावनेवर चालणारी मदत पहिल्या परीक्षेपर्यंतच टिकते. परंतु हा खर्च कार्यालयीन सोयीच्या खात्यात न टाकता अध्यापनाच्या खात्यात टाकावा, कारण विद्यार्थ्याने मंचावर प्रवेश करणे, वाचणे, लिहिणे व सादर करणे हा आता शिकण्याच्या क्रियेचाच भाग झाला आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने सप्टेंबर २०२० मध्ये जारी केलेले मुक्त, दूरस्थ व ऑनलाइन शिक्षणाविषयीचे नियम विद्यार्थ्याला साहाय्य पुरवणे ही संस्थेची जबाबदारी मानतात. त्या साहाय्याचा अर्थ एका दूरध्वनी क्रमांकापुरता आकसू देऊ नये. दूरध्वनीवरील मदतनिसाला पलीकडचा पडदा दिसत नाही, आणि ‘वर उजवीकडे बघा’ या वाक्याचा मोबाइलवर काहीच उपयोग होत नाही.

पदनिर्मिती होईपर्यंत दोन गोष्टी मात्र खर्चाशिवाय करता येतील. पहिली अशी की, प्रत्येक शिक्षणक्रमातील पहिला गृहपाठ शून्य गुणांचा आणि केवळ मंचाच्या सरावाचा असावा: विद्यार्थ्याने आपल्या हस्ताक्षरातील एक पान टिपावे, त्याची पीडीएफ करावी, ती चढवावी, सादर झाल्याची पोच उघडून पाहावी आणि मुद्दाम पासवर्ड विसरल्याचे दाखवून तो स्वतः पुन्हा मिळवावा. प्रवेशानंतरच्या तीन आठवड्यांत ज्यांचा हा गृहपाठ आला नाही, त्यांची यादी अभ्यासकेंद्राकडे जावी आणि केंद्राने त्यांना बोलावून घ्यावे. परीक्षेच्या तोंडावर कळण्यापेक्षा कोण उंबऱ्यावर अडकले आहे हे तेव्हाच कळेल.

दुसरी गोष्ट शेवटच्या मुदतीच्या वेळेची आहे. मुदत रात्री ११ वाजून ५९ मिनिटांनी संपते, ही जवळजवळ सर्व मंचांची रीत झाली आहे आणि ती सवयीने चालू राहिली आहे. त्या घटकेला अभ्यासकेंद्र बंद असते, संमंत्रक झोपलेला असतो, झेरॉक्सच्या दुकानाचे शटर खाली असते आणि मळ्यातला विद्यार्थी मोटर चालू करायला निघालेला असतो. गृहपाठाची मुदत अभ्यासकेंद्राच्या दिवशी, रात्री ८ वाजता संपावी आणि त्या दिवशी केंद्रातील संमंत्रकाने ८ वाजेपर्यंत तेथे बसावे, एवढा बदल येत्या सत्रापासून एका परिपत्रकाने करता येण्यासारखा आहे.



विंचूर, ता. निफाड, जि. नाशिक